कोल्हारची फर्माईश

एकाहत्तर साली नापास होऊन नगरहून कोल्हारला परतलो आणि मला एका जागी बसवेना. जेवता जेवता उठावं, प्रवरेच्या पुलापर्यंत जावं, परत यावं, पुन्हा निघावं. छातीत सारखं धडधडायचं. जो तो म्हणायचा, "करमत नसंल पोराला." सासरी गेलेल्या मुलीला करमत नाही, ते वेगळं. माझं जे काही होत होतं ते या शब्दात मावत नव्हतं, आणि दुसरा शब्द माझ्याकडेही नव्हता.

म्हणून मी रेडिओला कार्डं लिहू लागलो. आठवड्याला एक, फर्माईश कायम त्याच रडक्या हिंदी गाण्याची. कार्डावर मित्रांची सात-आठ नावं घालायची रीत होती. पण मित्रांनी माझी टर उडवली असती, म्हणून त्यांना वगळलं. एकट्याचं नाव फारच उघडं दिसायला लागलं, तेव्हा खाली आईचं लिहिलं.

चार महिन्यांनी एका दुपारी कार्ड लागलं. निवेदिकेनं आमची दोघांची नावं वाचली आणि गाव सांगितलं कोल्हापूर. मी असा चिडलो की रेडिओ बंदच करणार होतो. माझं दुखणं भलत्याच गावाच्या नावावर गेलं होतं. खरं सांगायचं तर थोडं हायसंही वाटलं, आता कुणी विचारणार नव्हतं.

शेजारी आई ज्वारी पाखडत होती. तिला घरात कुणी नावानं हाक मारत नसे. तिचे हात थांबले.

"गाव चुकलं, पर नाव माझंच हाय. काय मागितलंय आपन दोघांनी?"

तिला हिंदी येत नव्हती. गाणं सुरू झालं तसा मी एकेक ओळ मराठीत सांगू लागलो. घर आहे, पण घरात जीव रमत नाही. डोळा लागत नाही. घास खाली उतरत नाही. पुलावर उभं राहिलं की भीती वाटते, पाण्याची नाही, स्वतःची.

मी बोलायचा थांबलो तेव्हा रेडिओवर दुसरंच गाणं चाललं होतं.

आईनं सूप बाजूला ठेवलं. "पूल काय गान्यात नसंल," ती म्हणाली.

मी मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी मी पुलाकडे निघालो, तेव्हा ती पायात वहाणा घालून दारात उभी होती.