मागाच्या खोलीतली रायफल

शाळेतून आली की रूपाली चपला काढून आधी उंबऱ्यावर बसायची. आत जाऊन बसलं तर परत उठवत नाही, हे तिला ठाऊक झालं होतं. बेळगुंदीच्या एका शाळेत ती पी. टी. शिकवायची. दिवसभर उन्हात उभं राहायचं, शिट्टी फुंकायची, पोरांच्या रांगा सरळ करायच्या, आणि परतीच्या बसमध्ये जागा मिळाली नाही तर पुन्हा उभंच. वडगावच्या गल्लीत शिरलं की दोन्ही बाजूंनी यंत्रमागांचा खटखटाट सुरू व्हायचा. त्यातला एक माग तिच्या घरातला. तो तिची सासू बायाक्का चालवायची. नवरा सिद्धेश संकेश्वरजवळच्या साखर कारखान्यात होता. गळीत हंगाम लागला की तो घरी पाहुण्यासारखा यायचा.

चहा झाला की रूपाली मागासाठी कांड्यांवर सूत भरायला बसायची, मग भाकरी, मग बायाक्काचा माग थांबला की रायफल.

ही एअर रायफल दसऱ्याच्या आधी घरात आली. कॉलेजात एन. सी. सी.त असताना रूपालीचा नेम कॅम्पात नावाजला गेला होता. लग्नानंतर ते सगळं सुटलं, ते बारा-चौदा वर्षांनी पुन्हा हाताला लागलं. तोवर ती नेमबाजी क्लबच्या जुन्या रायफलीवर मारायची. अनेकांच्या गालांनी तिचा दस्ता गुळगुळीत झाला होता. आपली स्वतःची असावी, आपल्या खांद्याला बसेल अशी, एवढंच तिला वाटत होतं. रायफल घरात आली तेव्हा बायाक्कानं हातातली कांडी खाली न ठेवता विचारलं होतं, "हे कशाला गं?" रूपालीनं सांगितलं. बायाक्का पुन्हा मागाकडं वळली. खंडेनवमीला मात्र धोटा, कात्री आणि फणीच्या ओळीत तिनं स्वतःच रायफल मांडली, दस्त्यावर कुंकू लावलं आणि झेंडू ठेवला. रूपालीला वाटलं, रीत म्हणून केलं असेल.

मागाची खोली आणि मागचं परडं मिळून दहा मीटर भरत होते. परड्याच्या भिंतीला फळी, फळीवर चिंध्या ठासून भरलेलं पोतं, पोत्यावर कागदी टार्गेट आणि वर एक बल्ब. माग थांबल्याशिवाय नेम धरता यायचा नाही, कारण तो चालू असला की फरशी पायाखाली थरथरायची.

आणि रायफल काही नीट मारत नव्हती.

एक छर्रा वर जायचा, पुढचा डावीकडे, तिसरा मधोमध, चौथा टार्गेटच्या कोपऱ्यात. क्लबचे अप्पासाहेब फौजेतून निवृत्त झालेले. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की नव्या रायफलीत कारखान्यातलं ग्रीस असतं, थोडा धूर निघेल, ते जळून गेलं की ती आपोआप ताळ्यावर येईल. "नव्या सुनेगत हाय ते. रुळाय वेळ द्या," असं म्हणून ते स्वतःच हसले होते. रूपालीनं वेळ दिला. छर्ऱ्यांचा एक डबा संपला, दुसरा संपला. रायफल रुळली नाही.

मग ती एकेक गोष्ट तपासत गेली. दस्त्याचे स्क्रू झटक्यानं सैल होतात म्हणून ते रोज आवळले. छर्रा भरण्यासाठी नळी जिथं मोडून खाली वाकते त्या बिजागरीत खेळ आहे का ते हलवून पाहिलं. छर्रे बदलले, चपट्या तोंडाचे आणले, त्यातही एकेक उजेडात धरून कडा दबलेले बाजूला काढले. मागची साइट एक खटका खाली, एक खटका उजवीकडे. स्प्रिंगची रायफल घट्ट आवळून धरली तर तिचा झटका दरवेळी वेगळा बसतो, हे तिला माहीत होतं. म्हणून डावा तळवा नुसता खाली ठेवून, पाखरू धरावं तशी सैल धरून पाहिली. काही फरक नाही.

फरक एवढाच दिसायचा की सुरुवातीचे दहा-बारा छर्रे वाटेल तिकडे जायचे आणि मग हळूहळू जवळ जवळ पडू लागायचे. यातून तिनं जो अर्थ काढला तो साधा होता. रायफल तीच, छर्रे तेच, माणूसही तोच. मग बदलतो तो हात. हाताला तापायला वेळ लागतो. म्हणजे हात गेला. दिवसभर शिट्टी, बसचा दांडा, कांड्या, भाकरी, आणि त्यातून उरलेला हा हात नेम धरायला आणायचा. तो कुठून स्थिर राहणार?

फोनवर सिद्धेश चेष्टा करायचा. "रायफलीचा दोष न्हाय, तुला चष्मा लागलाय बघ. ड्रिल शिकवतीस आणि पोरं कुठं उभी हायत तेच दिसंना झालंय." एरवी ती त्याला दोन शब्द परत सुनावायची. आता नुसतं 'असेल' म्हणायची, आणि मग तोच विषय बदलायचा.

रविवारी क्लबची निवड होती. ओपन साइट प्रकारात महिलांमधून दोघी राज्य स्पर्धेला जाणार होत्या. सरावाचे छर्रे मोजकेच मिळतात, त्यानंतरचा प्रत्येक गुणांत धरला जातो. ज्या हाताला तापायलाच दहा-बारा लागतात त्याचं तिथं काय होणार हे तिला कळत होतं. तिनं ठरवून टाकलं होतं, आणि अप्पासाहेबांना तसं सांगूनही ठेवलं होतं. रविवारी जमलं नाही तर रायफल क्लबला देऊन टाकायची. कुणातरी कॉलेजच्या मुलीच्या खांद्याला बसेल. हे ठरवताना तिला वाईटसुद्धा वाटलं नाही, आणि त्याचंच तिला जास्त वाईट वाटलं.

शनिवारी कनकदास जयंतीची सुट्टी आली. शाळेतला कार्यक्रम दुसऱ्या शिक्षकांकडे होता, म्हणून सकाळी सातची बस तिला पकडायची नव्हती. कित्येक दिवसांनी ती उजाडल्यावरही अंथरुणात पडून राहिली. मागाच्या खोलीतून बायाक्काची चाहूल येत होती. माग चालू करण्याआधीची तिची रोजची कामं. रूपाली त्या वेळी नेहमी बसमध्ये असायची.

उठून, केस बांधत ती खोलीच्या दाराशी आली. बायाक्का लांब चोचीची तेलाची बुधली घेऊन मागाभोवती फिरत होती. एकेका भोकात थेंब, बोटानं पुसणं, पुढं. माग संपला. तिनं शिलाई मशीनला थेंब दिला. मग ती कोपऱ्यातल्या रायफलीकडे वळली. सरावाच्या हातानं ती गुडघ्यावर आडवी घेतली, नळी जराशी मोडली, उघड्या पडलेल्या छोट्या भोकात बुधलीची चोच धरली. एक थेंब, मग अजून एक. नळी पुन्हा बंद केली, पदरानं दस्ता पुसला आणि रायफल होती तशी उभी करून ठेवली.

रूपाली चौकटीला धरून उभी राहिली.

"आत्ती, हे रोज करता?"

बायाक्का दचकली नाही. मागापाशी जन्म गेल्यामुळं तिला कमी ऐकू यायचं, पण हे ऐकू गेलं. "व्हय की. दसऱ्यापासनं. यंत्र हाय न्हवं ते? कोरडं ठेवलं तर झिजतंय. तू सकाळी पळतीस, तुला कुठला वेळ? म्हणून मी घालतो."

ज्या भोकाजवळ काही हलतं त्या भोकात तेल, हा बायाक्काचा आयुष्यभराचा नेम होता, आणि त्यावरच तिचा माग तिच्या लग्नापासून चालत आला होता. पण रायफलीतलं ते भोक तेलासाठी नसतं. त्याच्या मागं दट्ट्या असतो. चाप ओढला की स्प्रिंग त्याला पुढं ढकलते, हवा एका क्षणात दाबली जाते आणि इतकी तापते की तिथं तेल असलं तर ते पेटतं, डिझेल इंजिनात पेटतं तसं. छर्रा मग नुसत्या हवेनं जात नाही, त्या भडक्यानं जातो. आणि भडका दरवेळी सारखा नसतो. दहा-बारा छर्रे मारले की तेल बरंचसं जळून जातं, रायफल ताळ्यावर येते. दुसऱ्या सकाळी पुन्हा दोन थेंब.

दुसऱ्या कुठल्याही घरात हे पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं असतं. जळक्या तेलाचा वास आला असता, बार जास्त कडक वाजतोय हे कळलं असतं. पण या घराच्या भिंतींनाच तेलाचा वास होता. आणि आपला माग थांबला तरी गल्लीतले चालूच असायचे, त्यात कुठला बार कडक आणि कुठला मऊ?

रूपाली खाली बसली, उंबऱ्यावर बसायची तशी. रागवायला हवं होतं, पण त्यालाही अंगात काही लागतं. तिनं सावकाश, जवळ जाऊन, मोठ्यानं सगळं सांगितलं. बायाक्का ऐकत गेली. हातातली बुधली तिनं खाली ठेवली, मग उचलून लांब खिडकीत नेऊन ठेवली. 

"म्हणजे हात न्हवं तुझा," ती म्हणाली. "त्यो मीच बिघडवला म्हणायचा."

"हात बिघडलाच न्हाय आत्ती. तेच तर सांगतोय."

बोलल्यावर ते वाक्य रूपालीनं स्वतःच पुन्हा एकदा मनात म्हणून पाहिलं. विश्वास बसायला वेळ लागत होता.

अप्पासाहेबांना फोन लावला. आधी त्यांना हसू आलं, मग उद्याची निवड आठवली तसे ते गंभीर झाले. त्यांनी सांगितलं की रायफल खोलायची नाही, एका दिवसात खोलून जोडली तर आणखी बिघडेल. नळी कोरडी पुसून काढा आणि मारत राहा, धूर थांबेपर्यंत. मात्र इतके आठवडे मुरलेलं तेल आहे, पन्नास-साठ छर्ऱ्यांत ते जायचं नाही. आणि दरवेळी नळी मोडून स्प्रिंग ताणायची म्हणजे संध्याकाळपर्यंत हात उचलणार नाही. त्या हातानं उद्या काय मारणार? त्यापेक्षा क्लबची जुनी घ्या, असा त्यांचा सल्ला पडला.

रूपालीनं फोन ठेवला आणि सल्ला सासूला सांगितला. सल्ला बरोबरच होता. जुनी रायफल घ्यायची, जमेल तेवढं मारायचं, परत यायचं.

बायाक्कानं मागाकडं पाहिलं. अर्धी झालेली साडी सोमवारी सूत देणाऱ्या सावकाराला द्यायची होती. ती उठली, आणि अजून चालूही न केलेल्या मागाचं भिंतीवरचं मेन स्विच खाली ओढलं.

"ताणायचं काम मी करतो," ती म्हणाली. "तू निस्ती चाप ओढ."

"आत्ती, लई जड हाय त्ये."

"चाळीस वर्षं काय फुलं वेचलीत व्हय मी?"

ताण्याचं सूत दुहेरी-तिहेरी वळून बायाक्कानं पक्का दोर केला, टोकाला स्वच्छ चिंधी बांधली. रूपालीनं तो नळीतून ओढून काढला. चिंधी काळी आली. दुसरी काळी, तिसरी करडी. मग त्या कामाला लागल्या. नळी मोडून पुरी खाली ओढायची ती बायाक्का, छर्रा घालायचा, नळी बंद करायची आणि मारायचं ते रूपालीनं. नळी उघडी असेपर्यंत बायाक्कानं ती सोडायची नाही, बोट मधे येऊ द्यायचं नाही, हे रूपालीनं आधी दोनदा बजावलं. त्यावर बायाक्का म्हणाली की चालत्या मागात हात घालून मी माझी दहाही बोटं अजून सांभाळली आहेत.

परड्यातून येणाऱ्या उन्हात धूर स्पष्ट दिसत होता. प्रत्येक वेळी नळी मोडली की निळसर पट्टी वर जायची. इतके दिवस बल्बच्या पिवळ्या उजेडात ती दिसलीच नव्हती. एक डबा संपला. धूर होताच. दुपारी दोघींनी सकाळचीच भाकरी उभ्यानं खाल्ली. शेजारची मंगल माग का बंद म्हणून डोकावली, सासू बंदूक ओढतेय आणि सून मारतेय हे बघून काही न विचारताच परत गेली. दुसऱ्या डब्याच्या मध्यावर धूर बारीक झाला, मग अधूनमधून, मग नाहीच. बारही बदलला. कडक टाळी वाजायची, तिथं आता जाड पुस्तक मिटल्यासारखा आवाज यायला लागला.

उन्हं भिंतीवर गेली तेव्हा रूपालीनं नवीन टार्गेट लावलं. साइट पुन्हा बसवली, कारण आता सगळे छर्रे खाली पडत होते. खाली, पण एकत्र. चार खटके वर. मग तिनं श्वास अर्धा सोडून पाच मारले, सैल हातानं. टार्गेट काढून आणलं तेव्हा पाचांचं मिळून एकच फाटकं भोक झालं होतं, रुपयाच्या नाण्याखाली झाकलं जाईल एवढं.

बायाक्कानं कागद डोळ्यांजवळ नेला. "हितंच मारायचं असतंय व्हय सगळं?"

"व्हय."

"मग साडीसारखंच की. पुढचा धागा मागच्याला चिकटून." कागद तिनं परत दिला आणि उजवा खांदा दाबत भिंतीला टेकली.

रविवारी रूपाली एकटीच गेली. पहिल्या छर्ऱ्यापासून रायफल सरळ चालली. मधे थकवा आला तसे काही बाहेर गेले, ते मात्र तिचे स्वतःचे होते. कुठला का गेला हे प्रत्येक वेळी तिला सांगता आलं असतं. ती तिसरी आली. पहिल्या दोघी कॉलेजच्या होत्या. अप्पासाहेबांनी राखीव म्हणून तिचं नाव पुढं घेतलं आणि रायफल क्लबला देणार होतात ना, असं विचारलं. अजून नाही, असं तिनं सांगितलं.

घरी आली तेव्हा बायाक्का कॉटवर बसली होती, उजवा हात मांडीवर ठेवून. तो खांद्याच्या वर जात नव्हता. माग बंदच होता.

"काय झालं गं?"

"तिसरी. राखीव घेतलंय."

"आणि रायफल?"

"तिचा काय दोष न्हाय. बरोबर मारलं तिनं."

बायाक्कानं मान हलवली. तिच्या लेखी तेवढं पुरेसं होतं. रूपालीनं रायफल कोपऱ्यात उभी केली. पाय उंबऱ्याकडे जात होते, पण ती तिथं बसली नाही. चुलीपाशी जाऊन वाटीत खोबरेल कोमट केलं आणि सासूच्या मागं येऊन बसली. बायाक्कानं वासावरून ओळखलं आणि पदर खाली घेतला.

"घाल," ती म्हणाली. "हितं घातलेलं चालतंय न्हवं?"

रूपाली हसली नाही, दमली होती. पण तिचा हात स्थिर होता. खांद्यातली गाठ सापडली तिथं तिनं अंगठा ठेवला आणि हळूहळू चोळायला लागली. साडी सोमवारी जाणार नव्हती. ते सावकाराच्या माणसाला कुणी सांगायचं, यावर दोघी बराच वेळ बोलत राहिल्या.