गोधडीभोवतीचं लाल वर्तुळ

उसात बिबटे राहायला आल्यापासून आमच्या राजुरीत उसाचा फोटो कुणी फोटो म्हणून बघत नाही. सगळे त्यात बिबट्या शोधतात. भीती खरी आहे. मीही अंधारात बॅटरीशिवाय बाहेर पडत नाही. पण म्हणून माझ्या फोटोचं असं वाटोळं करायचं?

वहिनींनी गोधडी धुऊन उसाच्या कडेला तारेवर टाकली होती. जुन्या लुगड्यांची, ठिगळाठिगळांची. उन्हं कलली आणि तिचा टाका न टाका असा उजळला, की मी चहाचा कप बांधावर ठेवून सरळ मातीत आडवा झालो. पाठ धरली, पण फोटो मिळाला. इतका चांगला फोटो मी जन्मात काढला नव्हता. गावच्या ग्रुपवर टाकला. म्हटलं, रोज जी अंगावर घेता, ती गोधडी एकदा बघा तरी.

बघितली ना. थोड्याच वेळात माझाच फोटो दुसऱ्या ग्रुपवरून मला परत आला. तपकिरी ठिगळाभोवती लाल वर्तुळ, दोन सुरकुत्यांना कान समजून बाण, आणि खाली 'सावधान, राजुरीत बिबट्या'.

वहिनी निराळ्याच कारणाने तापल्या. "भाऊजी, उसवलेला कोपराच घावला व्हय तुमाला? आता माझं माहेर बघंल."

मी ती ओली, मणभर जड गोधडी खांद्यावर टाकली आणि तडक डेअरीवर गेलो. तिन्हीसांजेला दूध घालायला सगळं गाव तिथं असतं. कट्ट्यावर चढून मी गोधडी पसरली.

"हा तुमचा बिबट्या. हे कान. हात लावून बघा, चावत नाही."

लोक पुढे आले. कुणी ठिगळ चाचपलं. माझा मोबाईल हातोहात फिरला, बोटांनी फोटो मोठा झाला.

"गोधडीच हाय राव," शेजारचा शेतकरी म्हणाला. "आन टाकं बघा की, लई बारीक."

मी सुखावलो. एकाला तरी दिसलं.

"पण भाऊ," त्याने फोटो आणखी ताणला, "गोधडीच्या मागं, उसात, ते काय बसलंय?"

सगळी डोकी मोबाईलवर वाकली. मी कट्ट्यावर दोन्ही हातांनी गोधडी धरून उभा, आणि तिच्याकडे कुणी ढुंकून बघेना.