आबांचा हायस्कोर

आज मी माझ्या सासऱ्यांचा हायस्कोर तोडला!!

आणि चिडायला शेजारी सासरेच नाहीत. आबांना जाऊन आज वर्ष झालं.

गेम एकदम साधा. खालून रंगीत फुगा मारून वरचे त्याच रंगाचे फुगे फोडायचा. डाउनलोड नाही, लॉगिन नाही, ब्राउझर उघडा आणि सुरू.

पण याच गेमने मला देवपूरच्या घरात बोलती केली.

लग्न होऊन आले तेव्हा आबा कापसाच्या जिनिंग कारखान्यातून नुकतेच रिटायर झालेले. आमच्याकडे सून सासऱ्यासमोर बसत नाही, सासरा सुनेशी थेट बोलत नाही.

"वहूले सांग, चहा ठेव," असं ते सासूबाईंना सांगायचे. मी समोरच उभी असायचे!

शिंदखेड्याला माहेरी मी अख्खी गल्ली डोक्यावर घ्यायचे. इथे दिवसभर तोंडाला कुलूप. जीव गुदमरायचा हो.

एका दुपारी आबा खाटेवर लॅपटॉप घेऊन बसलेले. लेव्हल संपत आलेली, हातात लाल फुगा, आणि नेम भलतीकडेच.

मी चहाचा कप घेऊन आले आणि किंचाळलेच, "आबा, सरळ नको! बाजूच्या भिंतीवर मारा!"

सासूबाईंनी डोळे मोठे केले. म्हटलं, मेले आता.

आबांनी भिंतीवर मारला. फुगा उसळून वर गेला आणि अख्खा झुबका खाली!

"पडनात! बठ्ठा पडनात!"

मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "बस."

मी जमिनीवर बसले.

"खाले नको. खालतून स्क्रीन काळी दिसस. आठे वर बस."

मी पदर सावरत खाटेवर बसले. सासूबाई बघतच राहिल्या. त्या दिवसापासून रोज दुपारी आमची मॅच!

आबांची मतं रोखठोक. दर लेव्हलला जाहिरात आली की, "हाऊ गेम नही, हाई जाहिरात शे!" आणि टॅब बंद. जाहिरातीतल्या खोट्या 'प्ले' बटणाला ते एकदाच फसले. नंतर कोपऱ्यातली बारीक फुली शोधण्यात त्यांचा हात कोणी धरू शकत नव्हतं.

त्यांची टीप तुम्हाला फुकट देते. खालचे फुगे टिपत बसू नका. "वरना तोड, खालना आपोआप पडतीन." आणि पुढचा रंग आधी बघा. मी घाई करायचे, ते कपाळावर हात मारायचे.

मी पहिल्यांदा रेकॉर्ड केला तेव्हा गेमने नाव विचारलं. आबांनी लॅपटॉप ओढला आणि एका बोटाने अक्षरं शोधत टाइप केलं, वैशाली.

मग स्वयंपाकघराकडे बघून ओरडले, "अवं, वैशाली जिंकनी!"

तोपर्यंत त्यांनी माझं नाव कधीच घेतलं नव्हतं.

मी वेड्यासारखी रडले.

लगेच पुढच्या डावात त्यांनी रेकॉर्ड परत हिसकावला, तो शेवटपर्यंत त्यांचाच. नवऱ्याला सांगून ठेवलंय, लॅपटॉप फॉरमॅट केलास तर बघ, आबांचा स्कोर त्यातच आहे.

आज वर्षश्राद्धाची पंगत उठली, पाहुणे गेले, आणि मी लॅपटॉप घेऊन खाटेवर बसले. वरच. भिंतीवर मारला. झुबका पडला आणि मी उडीच मारली!

सासूबाई धावत आल्या. "जिंकनी का वो?"

मी मान हलवली. त्या खाटेवर आबांच्या जागेजवळ बसल्या, जागेवर नाही.

आबा, मनापासून नमस्कार.

मी 'प्ले अगेन' दाबलेलं नाही.

उठा. तुमची पाळी.