मीटर मी बघते

ताई फोन उचलेना म्हणून दाजींना लावला, तर शेजारीण बोलली, "तुम्ही लगेच निघा." मनमाडहून नाशिकला पोचेपर्यंत मी स्वतःची समजूत घालत होते, दवाखान्यात असेल, बरी होईल... पण माझी ताई गेली होती. बसल्या जागी, हृदयविकाराने.

ताई अंबडच्या कारखान्यात गाड्यांचे मीटर तपासायची. स्टिअरिंगमागचे काटे आणि दिवे नीट चालतात की नाही, हे अंधाऱ्या खोलीत बसून बघायचं. पुढे तिला ती खोडच लागली. कुणी नवी गाडी दाखवली, तर माणसाने रंगाचं कौतुक करावं की नाही? ही बया थेट ड्रायव्हरच्या जागेवर बसून चावी फिरवायची. माझ्या लग्नात वरातीच्या सजवलेल्या गाडीतही तिने हेच केलं आणि नवरदेव बाहेर ताटकळत उभा! "अगं, एक दिवा मंद वाटला मला," म्हणे.

दाजी गाडी चालवायचे, ती शेजारी. "तुम्ही रस्ता बघा, मीटर मी बघते," असा त्यांचा करारच होता. काटा जरा वर गेला की ती नुसतं "अहो..." म्हणायची. दाजी चरफडायचे, पण वेग कमी करायचे. मागे बसून माझी हसून हसून मुरकुंडी वळायची.

जलदान विधी झाला, पाहुणे पांगले आणि दाजींनी गाडीला हात लावणं सोडलं. "विकून टाकतो," म्हणाले. गाडी गेली की हा माणूस घराबाहेर पडायचाच नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं. मग एका रविवारी मी चावी त्यांच्या हातात कोंबली. "दाजी, भाजीला चला. नाही म्हणायचं नाही." गंगापूर रोडने ते इतके हळू गेले की मागचे रिक्षावाले वैतागले. मी सवयीने मागेच बसले होते.

परतताना दाजींनी भाजीची जड पिशवी ताईच्या सीटवर ठेवली. गाडी जराशी पुढे गेली आणि मीटरवर सीटच्या पट्ट्याचा लाल दिवा लागून टिंग टिंग सुरू झालं. सीटवर वजन आलं की गाडीला वाटतं, माणूस बसलंय. मी पिशवी उचलायला वाकले.

"राहू दे गं," दाजी म्हणाले. त्यांनी गाडी कडेला घेतली, पट्टा ओढून पिशवीवरून आणला आणि लावला. दिवा विझला. मग स्टिअरिंगवर डोकं टेकून ते रडले. ती गेल्यापासून पहिल्यांदाच रडले. मलाही आवरेना...

गाडी विकायचा विषय पुन्हा निघाला नाही. आता दाजी एकटेच भाजीला जातात. निघताना आधी शेजारच्या रिकाम्या सीटचा पट्टा लावतात, मग स्वतःचा.