मुकुटाऐवजी सिंह

कुरुळी गावातलं आमचं जुनं घर पाडून तिथं कामगारांसाठी खोल्या बांधायच्या होत्या. माळा रिकामा करताना गोणपाटात गुंडाळलेली रायफल निघाली. सासरे लगेच म्हणाले, "माझ्या बापाची हाय. इंग्रजांच्या लढाईतनं आणलेली."

पोलिसांना फोन करण्याआधी ती किती जुनी आहे ते बघ, असं नवरा मला म्हणाला. मी चाकणच्या कंपनीत तपासणीला आहे. सुट्या भागांवरचे शिक्के वाचणं माझं रोजचंच काम. नळी भिंतीकडे करून मी चापाच्या वरची पोलादी पट्टी रॉकेलनं पुसली. इंग्रजांच्या काळातली असती तर तिथं राजाचा मुकुट हवा होता. गंजाखालून नाण्यावर असतात तसे सिंह वर आले. खाली सालही होतं, स्वातंत्र्यानंतरचं.

"आबा," मी हळूच म्हणाले, "आजेसासरे तर त्याआधीच वारले होते ना?"

सासऱ्यांनी त्या सिंहांवरून अंगठा फिरवला. उगाच पुसली, असं मला झालं.

"थोरल्या भावानं आणली," ते शेवटी म्हणाले. "पलटणीतनं पळून आला तवा. त्यो मेला, तरी आमी बापाचंच नाव सांगत ऱ्हायलो."

"मग पोलिसांना काय सांगायचं?" नवऱ्यानं विचारलं.

"ह्येच." त्यांनी स्वतःच फोन मागून घेतला.

पोलिसांनी पंचनामा केला, रायफल नेली. सासऱ्यांना दोनदा जबाबाला बोलावलं आणि प्रकरण मिटलं. दुसऱ्यांदा परतल्यावर ते थोरल्याबद्दल पहिल्यांदाच आपणहून बोलले. त्यानं त्यांना इंद्रायणीत पोहायला शिकवलं होतं.