वखारीपुढचा मंडप

निपाणीत माझ्या बांगड्यांच्या दुकानासमोर त्यांची तंबाखूची वखार होती. सगळे त्यांना आप्पा म्हणत. उन्हात तंबाखूची पिवळी धूळ तरंगायची, सगळा रस्ता पेंगुळल्यासारखा दिसायचा, आणि त्या धुळीत आप्पा डोळे मिटून पानाचा वास घेत बसलेले असायचे. तंबाखू त्यांनी जन्मात तोंडात घातली नाही. मालाची प्रत मात्र नुसत्या वासावर ओळखायचे.

धर्माच्या कामाला त्यांचा हात सढळ. विधवाविवाहाच्या विरोधातली सभा दरवर्षी त्यांच्याच खर्चानं भरायची. मंडप त्यांचा, शास्त्रीबुवांची बिदागी त्यांची, जेवणावळही त्यांचीच. मला म्हणायचे, "जुनं मोडाय लई सोपं असतंय रं. राखायलाच पैसा लागतोय."

एका वर्षी त्यांची धाकटी लेक विधवा होऊन माहेरी आली. तरी मंडप उभा राहिला. शास्त्रीबुवांचं भाषण रंगात आलं असताना आप्पा उठून माझ्या दुकानात आले आणि त्यांनी हिरव्या बांगड्या मागितल्या. मी माप विचारलं.

"तुला ठावं हाय की."

ठाऊक होतंच. ती परकरात होती तेव्हापासून मीच तिला बांगड्या भरत आलो होतो.

आप्पांनी बांगड्या कानाशी धरून हळूच किणकिणवल्या. डोळे मिटलेले, पानाचा वास घेताना असायचे तसेच.

"बांधून देऊ, आप्पा?"

"कुणासाठी रं?" म्हणत त्यांनी त्या जागच्या जागी ठेवल्या आणि ते मंडपात जाऊन बसले.

पुढच्या वर्षीचा मंडप माझ्या दुकानाच्या पायरीपर्यंत आला होता.