बबनची राहिलेली सावड

बबन गेल्याचं मला माझ्या मुलाने फोनवर सांगितलं. "बाबा, सर गेले. सकाळीच, छातीत कळ येऊन." कोण सर, हे विचारावं लागलं नाही. माझा डिप्लोमा झालेला मुलगा ज्याला कंपनीत सर म्हणायचा, तो माझा शेजारी, बांधाला बांध लागून असलेला, चौथीत शाळा सोडलेला बबन. मी परगावी होतो; मुळशीतल्या आमच्या गावी, त्याच्या घरी पोचलो तर गाड्या पार डांबरी रस्त्यापर्यंत लागलेल्या. गळ्यात ओळखपत्रांचे पट्टे अडकवलेली हिंजवडीची पोरं आंब्याच्या सावलीला उभी... आणि खरं सांगतो, डोळ्यांत पाणी यायच्या आधी माझ्या मनात आलं, आपल्या वेळी एवढ्या गाड्या येतील का?

शोकसभेत गावच्या शाळेचे मुख्याध्यापक म्हणाले, बबनरावांना कॉम्प्युटरची वाट दाखवली ती आमच्या आप्पांनी. आप्पा म्हणजे मी, त्या शाळेचा निवृत्त लिपिक, गावातला पहिला बी.कॉम. ते ऐकूनच या वर्तमानपत्राच्या पुरवणीने मला लिहायला सांगितलं. लिहितोय, पण त्यांना हवं ते नाही.

अठ्ठ्याण्णव साली बबन चाळिशीला आलेला, रस्त्याकडेला चर खणायच्या कामावर होता. टिकाव, फावडं आणि उघडं अंग. त्या चरात नारिंगी नळ्या पुरायच्या. त्याने तिथल्या इंजिनिअर पोराला विचारलं, ह्यातून काय जातं? पोरगा म्हणाला, उजेड जातो, उजेडातून निरोप जातात. संध्याकाळी पारावर बबन मला म्हणाला, "आप्पा, लई मैल खणलं मी. पन त्या नळीचं दुसरं टोक कुटं निगतं, ते मला कुनी दावंना." सगळे हसले. मीही हसलो, जरा जास्तच.

पुढे दोनेक वर्षांनी आमच्या शाळेला कुणीतरी कॉम्प्युटर दिले. आम्ही नारळ फोडला, यंत्रांवर कापडं घातली आणि खोलीला कुलूप लावलं. चपला बाहेर काढायच्या, हा नियम माझा. किल्ली माझ्या खिशात. त्या आषाढात बबन माझ्या खाचरात आवणीला आला होता. आमच्याकडे भाताची रोपं लावायला सावड घालतात. आज तुम्ही माझ्या शेतात, उद्या मी तुमच्या, पैशाचं नाव नाही. मी नोकरदार, मला उतरता यायचं नाही, म्हणून फेडीला मी गडी पाठवायचो. त्या दुपारी हात पुसत बबन थेट शाळेत आला आणि खोलीच्या दारात उभा राहिला.

"आप्पा, औंदा गडी धाडू नगंस. तुज्याकडचा माजा दिवस मला ह्या खोलीत बसू दे."

"काय करणार बसून?"

"बगीन. दुसरं टोक हेच हाय न्हवं?"

मी त्याच्या पायांकडे पाहिलं. पोटऱ्यांपर्यंत चिखल, टाचांना भेगा. खोली त्या तासापुरती उघडली होती, आत बाकावर चार पोरं बसली होती, ती ऐकत होती. मी म्हणालो, "हे पाय घेऊन आत येणार?" बबनने खाली पाहिलं. बाहेर नळ होता. पाय धुऊन ये, एवढंच म्हणायचं होतं मला, आणि तेवढंच मी म्हणालो नाही. तो चिखल माझ्याच खाचरातला होता, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. "बरं," म्हणाला आणि गेला. पुन्हा माझ्या शेतात उतरला नाही, आपला दिवसही मागितला नाही.

तो गेला हिंजवडीजवळच्या मारुंजीला. तिथे नवी बांधलेली घरं, भाड्याने राहणारी, कॉम्प्युटर कंपन्यांतली बाहेरगावची पोरं. बबन त्यांची कपाटं, पलंग जिन्यावरून चढवायचा आणि पैसे द्यायला लागली की म्हणायचा, "पैसं नगं, सावड घाला. मी अर्धा दिस वझं वाहिलं, तुमी अर्धा दिस शिकवा." परभणीच्या एका पोराला हे पटलं. रविवारी तो बबनला घेऊन बसायचा. मग त्या पोराच्या ऑफिसात वायरी ओढायचं काम, मग त्यांची टोकं जोडायचं, मग यंत्रं लावायचं. एकदा त्याने भलतीच वायर उपसली, अख्ख्या ऑफिसचं काम ठप्प झालं आणि त्याला काढून टाकलं. ते मला कळलं त्या संध्याकाळी मी बायकोला म्हणालो, आज शिरा कर. तिने विचारलं, कशाबद्दल? मी म्हणालो, सहज.

परभणीच्या पोराने शब्द टाकून त्याला परत आत घेतलं. त्यानंतर शिरा झाला नाही. बबनच्या अंगात इस्त्रीचा शर्ट आला, आरती चालू असताना त्याचा मोबाईल वाजायला लागला, आणि तोही खुशाल मोठ्याने बोलायचा. कागद वाचून घ्यायला माझ्याकडे येणारी माणसं त्याच्या ओट्यावर बसायला लागली. माझ्या मुलाला नोकरी लागली तीही त्याच्या शब्दावर. मुलगा एकदा हसत सांगत होता, "सर मशीनच्या खोलीबाहेर चपला काढतात, वॉशरूममध्ये जाऊन पाय धुऊन येतात. आम्ही सांगून थकलो, गरज नाही म्हणून." मी ताटावरून उठलो.

मग शाळेच्या स्नेहसंमेलनाला तो प्रमुख पाहुणा म्हणून आला. भाषणात माझ्याकडे पाहून म्हणाला, "ह्या आप्पामुळं मी मारुंजीची वाट धरली." टाळ्या पडल्या आणि मी हात जोडले. नंतर चहाला गाठून विचारलं, "असं का बोललास?" कपातून वर न बघता म्हणाला, "खोटं हाय का?" ती क्षमा होती की चिमटा, मला अजून ठरवता आलेलं नाही. पण ते श्रेय मी इतकी वर्षं अंगावर मिरवलं.

तो गेल्यानंतरच्या या आवणीला मी न सांगता त्याच्या खाचरात उतरलो. बायका हसल्या. "आप्पा, रोपं लावताय का पोरं बसवताय? पोरं तरी वळीत बसत्यात." कंबर धरली, पण दिवस पुरा केला. दिवस मावळताना त्याच्या दारात आलो. त्याच्या खोलीत कॉम्प्युटर होता, खोलीबाहेर दगडावर भरलेली बादली. तो नाही, तरी त्याची बायको हौसा अजून ती रोज भरून ठेवते.

"भावजी, च्या टाकलाय. आत या."

"पाय..." मी म्हणालो.

"असू द्या वो. आपल्याच रानाचा चिखल हाय."

मी बादलीतलं पाणी पायांवर घेत राहिलो. चिखल कधीच गेला होता, तरी घेत राहिलो. मग चहा बाहेर ओट्यावरच घेतला. त्या दुपारचं तिच्या तोंडावर काही सांगता आलं नाही.

हा लेख ती नातीकडून वाचून घेईल. त्यानंतरही आत या म्हणाली, तर जाईन.